एक जूनची मुलं

आमच्या शाळेच्या पटावर एके वर्षी छत्तीस मुलं होती आणि त्यांतली एकतीस एक जूनला जन्मलेली होती. उरलेल्या पाचजणांच्या घरी पंचांग होतं, पत्रिका केलेल्या होत्या, म्हणून त्यांना स्वतःची तारीख होती. बाकीच्यांना ती मी दिली. रहिमतपूरपासून दोन कोसांवरच्या त्या गावात मी वीसबावीस वर्षं मास्तर होतो. तेवढ्या काळात मी किती मुलं जन्माला घातली याचा पत्ता माझ्या बायकोलाही नाही, असं मी निवृत्तीनंतर चारचौघांत म्हणायचो. लोक हसायचे. मीही हसायचो.

काम सोपं होतं. जूनमध्ये शाळा उघडायची. बाप नाहीतर चुलता पोराला हाताला धरून आणायचा. मी विचारायचो, "जन्म कधीचा?" उत्तर यायचं, "पेरण्या उरकल्या हुत्या बगा," किंवा "थोरलीचं लगीन झालं त्येच्या फुडल्या साली." यातून तारीख काढायला मी काही ज्योतिषी नव्हतो. शाळेत घ्यायला सहा वर्षं पुरी लागत. मग चालू सालातून सहा वजा करायचे, एक जून लिहायचं आणि खाली सही ठोकायची. डेप्युटी तपासणीला आले की वयाचा रकाना बघून खूश व्हायचे, कारण सगळं एका ओळीत, स्वच्छ, खाडाखोड नाही. आणि खरं सांगायचं तर यात माझाही स्वार्थ होता. पट ठरलेल्या आकड्याखाली गेला की दुसरा मास्तर उचलला जाई आणि चारही इयत्ता माझ्या एकट्याच्या गळ्यात पडत. त्यामुळे पाच वर्षांचं पोर दिसलं तरी मी त्याला सहाचं करून घेत असे.

हवालदाराच्या मुलाला मी असंच सहाचं केलं.

हवालदार म्हणजे आमच्या गावचा पलटणीतला माणूस. सुट्टीवर आला होता आणि दोन दिवसांनी परत जायचा होता. मुलाला कडेवर घेऊन आला, कारण रस्त्यात चिखल होता आणि पोराच्या अंगावर नवा सदरा होता. मला म्हणाला, "गुर्जी, ह्याला आजच बसवा. ह्याला पाटीवर लिवताना बगून जायचं हाय मला."

मी पोराकडे बघितलं. ओठावर दूध होतं अजून. "केवढा आहे?" मी विचारलं.

"गौरी जेवत्यात त्या दिवशी जल्मला. ह्या गौरीला पाच पुरी हुतील. चालतंय न्हवं?"

बाकीच्या बापांना जे सांगता येत नसे ते त्याने न विचारता नेमकं सांगितलं. मी म्हणालो, "चालतं. माझ्यावर सोडा." आणि रजिस्टर ओढून एक जून लिहिलं, साल सहा वर्षांपूर्वीचं. हवालदार दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मी मुलाचा हात धरून पाटीवर श्री गिरवून घेतला. तो माणूस तेवढं बघून, खिशातल्या बत्ताशांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवून गेला. त्या दिवशी मला वाटलं होतं की आपण कुणाचं तरी भलं केलं. पटही एकाने वाढला होता.

मग एकोणीस वर्षं गेली. मधे लढाई झाली, हवालदार तिकडेच कुठे तरी मारला गेला आणि गावात त्याची बायको हवालदारीण याच नावाने उरली. मुलगा हुशार निघाला. सांगलीत शिकला, तिथेच पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला. स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं होत आली असतील, श्रावण चालू होता, आणि एका दुपारी तो माझ्या शाळेच्या दारात उभा राहिला. तीच चौकट. बापाएवढाच उंच झाला होता.

त्याच्या कारखान्याच्या मालकांनी खटपट करून विलायतेतल्या एका यंत्रांच्या कारखान्यात त्याची शिकायची सोय लावली होती. दोन वर्षं शिक्षण, जेवण-राहणं त्यांच्याकडे. अट एकच, की ठरल्या दिवशी हजर व्हायचं. नाही झालास तर यादीतला पुढचा माणूस घेणार. बोटीने जायचं ठरलं होतं, पण पासपोर्ट पोलिसांच्या चौकशीत असा अडकला की हातात पडेपर्यंत बोटीचे दिवस निघून गेले. आता विमानानेच वेळेत पोचता येणार होतं. पूर्ण भाडं त्याच्या आवाक्याबाहेर होतं, पण विद्यार्थ्यांना सरकारच्या मंजुरीने सवलत होती. त्या सवलतीत हवालदारणीने साठवलेल्या पैशांत बरोबर भागत होतं.

"मग अडलं कुठं?" मी विचारलं.

त्याने सांगलीच्या तिकीटवाल्याने दिलेला छापील कागद पुढे केला. सवलत फक्त पंचवीस वर्षं पूर्ण न झालेल्यांना. "गुर्जी, दाखल्यावरनं मला जूनमधी पंचवीस झाली. खरं म्हंजे ह्या गौरीला चोवीस व्हत्यात. आय म्हणती, गुर्जींना इचार, त्यांना समदं म्हायती हाय."

मला समदं माहीत होतं हे खरं. तो कागद हातात धरून मी बराच वेळ वाचल्यासारखं केलं. मग म्हणालो, सांगलीला जाऊन त्या तिकीटवाल्याशी बोलू, काही तरी निघेल. असं म्हणण्याची मला सवय होती. त्या वर्षांत आम्ही सगळेच कागदांनी थकलो होतो. लढाई संपली होती, पण कापडाचं परमिट, साखरेचं कार्ड, रॉकेलची चिठ्ठी काही संपलं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी कुणी तरी ओळखीचा निघायचा आणि काही तरी निघायचं.

आम्ही आगगाडीने माधवनगरला उतरलो आणि टांग्याने सांगलीत गेलो. विमानाची तिकिटं जिथे मिळतात ती जागा काचेची आणि चकचकीत असेल अशी माझी समजूत होती. ती निघाली हळदीची अडत. मालक जैन व्यापारी, पन्नाशीचे, बाप-आजापासून हळदीचा धंदा. पुढच्या खोलीत एक टेबल टाकून त्यांनी बोटीच्या आणि विमानाच्या तिकिटांची एजन्सी घेतली होती. मागे पोत्यांची थप्पी. वासाने मला शिंका सुरू झाल्या. भाड्याच्या छापील तक्त्यावर कोपऱ्याकोपऱ्यांत पिवळ्या अंगठ्याचे ठसे होते.

मी माझी मोटारवाल्यांवर वापरायची विद्या बाहेर काढली. पूर्वी सातारच्या अड्ड्यावर दोन मोटारवाले एकमेकांवर कुरघोडी करत भाडं उतरवायचे. एकजण आणा कमी करायचा, तर दुसरा वर पानही द्यायचा. मी नेहमी दोघांच्या मधे उभा राहून थांबायचो. पुढे सरकारने त्यांनाही दराचे तक्ते चिकटवायला लावले आणि माझी ती मौज गेली. तरी जुन्या सवयीने मी म्हणालो, "शेठजी, गरिबाचं पोर आहे. बाप लढाईत गेलाय. काही तरी कमी करा."

शेठजींनी खांद्यावरचा रुमाल काढला, माझा हात धरून त्यावर टाकला आणि रुमालाखाली माझी बोटं दाबायला लागले. हळदीचा सौदा असाच होतो हे मला ऐकून माहीत होतं. भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली बोटांनी सांगतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. पण मला त्यातलं ओ की ठो कळेना. दोन बोटं धरली, सोडली, मग अंगठ्याशी काही तरी केलं. मी मास्तर असून ढ मुलासारखा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

मग त्यांनी रुमाल काढून घेतला. "मास्तर, हळद असती तर येवढं आत्ताच सोडलं असतं. माझ्या दलालीतनंच सोडलं असतं, मला काय कमी न्हाई. पण ह्यात रुमाल चालत न्हाई." त्यांनी खणातून सरकारी पत्र काढून दाखवलं. मंजूर भाड्यापेक्षा कमी घेणं, दलालीतला भाग गिऱ्हाइकाला परत देणं, भेट म्हणून काही देणं, सगळ्याला बंदी. सापडलं तर एजन्सी जाणार. "सवलत पायजे तर त्यांनी छापलीय तीच. तिच्यात आपली एक कवडी घालता येत न्हाई, काढता येत न्हाई."

"पण मुलगा खरंच चोवीसचा आहे," मी म्हणालो.

"मग दाखला चुकीचा हाय असं सरकारी अधिकाऱ्याचं लिवून आणा. त्यो कागद मी तारेनं मुंबईला कळवतो, ती लोकं मान्य करत्यात. ह्या आदी एकाचं केलंय. पण मास्तर, जागा मी आठ दिवसच धरून ठिवणार. पुढं दुसऱ्याला द्यावी लागंल."

म्हणजे रस्ता होता. येताना गाडीत मुलगा उजळलेला होता. कराडला त्याने मला भजी घेऊन दिली आणि विलायतेत म्हणे उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो असं सांगत बसला. मला त्याच्या बोलण्याकडे लक्ष देणं जड जात होतं. शिंकांनी डोकं दुखत होतं आणि डोक्यात एक हिशेब सुरू झाला होता.

तो हिशेब असा. सरकारी अधिकारी म्हणजे सातारचे शाळाखात्याचे साहेब. माझी नोकरी दिवाळीपर्यंत होती. पेन्शनचे कागद त्याच साहेबांच्या टेबलावर होते. मला जमीन नव्हती. वाईला वडिलोपार्जित अर्धी खोली होती, तीत भावाचं बिऱ्हाड. बायकोला दम्याचा त्रास, वर्षातले चार महिने ती बसून झोपायची. पेन्शन हेच आमचं शेत आणि तेच आमचं घर. आणि त्या साहेबापुढे जाऊन मी काय सांगायचं होतं, तर बापाने खरी तारीख सांगितलेली असताना मी जाणूनबुजून खोटी लिहिली. एकदा त्याने ते रजिस्टर मागवलं की एकतीस एक जून त्याच्या डोळ्यांसमोर ओळीने उभे राहणार.

दुसऱ्या दिवशी कोरेगावला जाऊन आम्ही तालुक्याच्या दप्तरातून गावच्या जन्मनोंदीचं बाड काढायला लावलं. अर्धा दिवस बाकावर बसलो. कारकुनाने धूळ झटकली आणि नोंद सापडली. भाद्रपदातली तारीख, बापाचं नाव, पुढे 'पुरुष'. मुलाचं नाव नव्हतं, बारशाआधीच नोंद झालेली. कारकुनाने नक्कल करून दिली आणि म्हणाला की एवढ्याने भागणार नाही, शाळेच्या रजिस्टरात ती तारीख का वेगळी आहे हे शाळेने सांगितलं पाहिजे. शाळा म्हणजे मीच.

संध्याकाळी हवालदारीण घरी आली. अंगणातच थांबली, जोत्यावर बसा म्हटलं तरी बसली नाही. "गुर्जी, तेवढं लिवून द्या," ती म्हणाली. "दोन वळीचं काम हाय म्हणत्यात. तुमीच लिवल्यालं, तुमीच सांगा काय झालं त्ये."

"देतो," मी म्हणालो.

"तुमी हाय म्हणून मला घोर न्हाई बगा."

मी खरोखरच लिहिलं. पहिला कागद मी खरा लिहिला. त्यात होतं की मुलाच्या वडिलांनी जन्म गौरीच्या दिवशीचा आणि वय पाचाच्या आत असल्याचं सांगितलं होतं, मी प्रवेश देण्यासाठी सहा वर्षं बसतील अशी तारीख घातली, चूक माझी आहे. अक्षर वळणदार आलं होतं. तो कागद मी बायकोच्या हातात दिला. तिने तो वाचला, घडी घातली, परत माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, "पेन्शनवर सही याच साहेबांची ना?"

एवढंच विचारलं. तिचा मला राग आला नाही, आजही येत नाही. मी तो कागद चुलीत घातला आणि दुसरा लिहिला. दुसऱ्यात एकच वाक्य बदललं होतं: 'मुलाच्या वडिलांनी सांगितल्याप्रमाणे जन्मतारीख नोंदवली.' मला वाटलं, यात कुणाचं काय जातं? हवालदार तर नाही. अडाणी माणसाने तारीख चुकीची सांगितली, असं साहेबाला पटेल. जन्मनोंदीची नक्कल सोबत आहे. मुलाचंही काम होईल आणि माझंही काही बिघडणार नाही. मी स्वतःला बराच हुशार समजत होतो.

सातारला आम्ही तिघेजण गेलो. जिल्ह्याचे दोन तुकडे करायचं तेव्हा घाटत होतं, त्यामुळे कचेरीत जिकडेतिकडे दप्तरांचे गठ्ठे बांधून ठेवलेले, उत्तरेचे एकीकडे, दक्षिणेचे एकीकडे. बसायला जागा नव्हती. मी एका गठ्ठ्यावर टेकलो तर शिपायाने उठवलं. दुपारी दोनला आत बोलावलं.

साहेब वयाने माझ्याहून लहान होते. त्यांनी नक्कल वाचली, माझा कागद वाचला, चष्मा काढून पुसला. हवालदारीण दाराशी पदर सावरून उभी होती आणि मुलगा तिच्या पुढे.

"मास्तर, तुम्ही लिहिलंय की वडिलांनी सांगितलेली तारीख लिहिली. असंच झालं ना?"

"होय साहेब."

"मग अवघड आहे." साहेबांनी चष्मा घातला. "शाळेकडून लिहिण्यात चूक झाली असेल तर दुरुस्त करण्याचा मला अधिकार आहे. ही नक्कल त्याला पुरेशी आहे, मी आत्ता सही केली असती. पण पालकाने स्वतः सांगितलेली तारीख मला बदलता येत नाही. ती बदलायची तर पालकानेच अर्ज करायचा, आणि तोही मुलगा शाळेत असेपर्यंत."

जो दरवाजा उघडाच होता तो मी स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात, बंद करून आणला होता.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मास्तर, नीट आठवून बघा. जुनी गोष्ट आहे. तुमच्याकडूनच लिहिण्यात काही राहिलं असेल, तर तसं सांगा. मी नवा कागद घेतो."

याहून जास्त काय करायचं असतं एखाद्याने? त्याने मला हात दिला होता. मी फक्त 'होय, माझीच चूक' म्हणायचं होतं. पण आता ते म्हणायचं म्हणजे आधीचा सहीचा कागद खोटा होता हे त्याच्याच समोर कबूल करायचं. एक खोटं वीस वर्षांपूर्वीचं आणि दुसरं कालचं. त्याच्या डाव्या हाताला कागदांची चवड होती. तीत माझेही असतील असं मला उगाच वाटत होतं.

"नाही साहेब," मी म्हणालो. "हवालदारांनीच सांगितली होती. मला चांगलं आठवतंय."

साहेबांनी कागद परत केले.

बाहेर येऊन आम्ही मोटार अड्ड्यावर झाडाखाली उभे राहिलो. मोटारीला वेळ होता. मुलगा कुठे तरी गेला आणि माझ्यासाठी कपात चहा घेऊन आला. "घ्या गुर्जी, सकाळधरनं उपाशी हायसा," म्हणाला. त्याचा आवाज साधा होता. मी कप नुसता हातात धरून उभा राहिलो. हवालदारीण दगडावर बसली होती. मग म्हणाली, "त्यांनी आशी कशी सांगितली आसंल? गौरीचा दिस त्येंच्या ध्येनात हुता. पलटणीतनं दर साली त्या दिसाला पत्र यायचं."

मी कपातल्या चहाकडे बघत होतो.

"का घाईत सांगितली आसंल," ती स्वतःशीच म्हणाली. "लय घाई त्यांना. पोरगं शाळंत बसल्यालं बगायचं हुतं."

"जाऊ दे आये," मुलगा म्हणाला.

अजूनही वेळ होता. कचेरी पाचपर्यंत उघडी होती, चालत दहा मिनिटांवर. मी मनात दोनदा उठलो. मोटार आली आणि आम्ही तिच्यात बसलो.

जमीन विकून पूर्ण भाडं भरते असं हवालदारीण दोन दिवस म्हणत होती. मुलाने ऐकलं नाही. नवव्या दिवशी सांगलीच्या शेठजींनी जागा सोडली. त्याआधी त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर मुंबईला पत्र लिहून बघितलं होतं, पण मुंबईहून तक्त्यातलं तेच छापील कलम उलट आलं. विलायतेतून पुढे दीड महिन्याने दोन ओळींचं पत्र आलं की जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली आहे. मुलगा पंपांच्या कारखान्यातच राहिला. पुढे फोरमन झाला, लग्न झालं, दोन मुली झाल्या. वाईट काही झालं नाही असं कुणीही म्हणेल. एकदा मी त्याच्या घरी गेलो होतो तेव्हा कपाटावर एक चामड्याची नवी बॅग होती, तिच्यावर कपडा घातलेला. मी विचारलं नाही.

माझी पेन्शन दिवाळीनंतर वेळेवर सुरू झाली, पूर्ण. सही त्याच साहेबांची होती. पुढे खात्यातल्या एका ओळखीच्याकडून कळलं की अशा जुन्या चुका कबूल केलेल्या मास्तरांची कुणी कधी चौकशी केली नव्हती. साहेब हसून सही करत आणि कागद फाइलला लावत. हे ऐकलं त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोला सांगितलं, पोट बरं नाही.

गावात मात्र माझी कीर्ती झाली. गुर्जींनी पोरासाठी सांगली, कोरेगाव, सातारा एक केलं, पण सरकारच्या भाड्याच्या नियमापुढं त्यांचं काही चाललं न्हाई, असं लोक म्हणत. मीही चारचौघांत सरकारला शिव्या देत असे. म्हणायचो, आकाशातल्या गाडीचं भाडं हे ठरवणार, त्यात वयाची अट घालणार, आणि एक कवडी कमी करायची सोय ठेवणार नाहीत! लोकांना ते पटायचं. शिव्या देताना मला बरं वाटायचं, घरी आलो की वाटायचं नाही.

हवालदार नेमका कधी गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शस्त्राने मेलेल्यांचा म्हाळ पितृपक्षात चतुर्दशीला घालतात, म्हणून हवालदारीण तो त्या दिवशी घालायची. मुलाच्या प्रकरणानंतर मला त्या जेवणाचं बोलावणं येऊ लागलं. आम्ही वाईला राहायला गेलो तरी निरोप यायचा, आणि मी मोटारी बदलत जायचो. न जाण्याचं कारण सांगता येत नव्हतं. हवालदाराच्या नावाचं पान मांडायची, त्याच्या शेजारी माझं. वाढता वाढता त्या पहिल्या पानाशी बोलायची. "आवं, सगळं नीट करायचा जल्मभर, तेवढी तारीख का वो चुकला? पोरगं विमानात बसलं आसतं." रागाने नाही म्हणायची. चुकलेल्या माणसाला घरचं माणूस बोलतं तसं. मी खाली मान घालून भात कालवायचो. गवारीची भाजी, कढी, वडे, खीर. ती पुन्हा पुन्हा वाढायची आणि मी नको म्हणत नसे.

शेवटच्या साली तिला दिसत कमी होतं. सून वाढत होती, ही हातात काठी धरून माझ्यासमोर बसली होती. एकदम म्हणाली, "गुर्जी, एक इचारू? त्या दिवशी तुमीच हुता तिथं. दुसरं कोन न्हवतं."

"विचारा," मी म्हणालो.

"खरंच त्यांनी एक जून सांगितली हुती? मला का कुणास ठावं, पटत न्हाई अजून. गौरीचा दिस त्यो माणूस इसरायचा न्हाई."

खोलीत सून होती, मुलगा होता, त्याच्या दोन्ही मुली होत्या. पेन्शन माझी ठरलेली होती, ती कुणी काढून घेणार नव्हतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मला कुणाचीही भीती नव्हती.

"होय," मी म्हणालो. "त्यांनीच सांगितली होती."

ती थोडा वेळ पहिल्या पानाकडे, जिथे तिला ते अंधूक दिसत असेल तिथे, बघत राहिली. मग सुनेला म्हणाली, "गुर्जींच्या पानात वडा वाढ आणिक एक."